मागची सीट बुक आहे

मोटारसायकलचं टायर एकट्या माणसाला बदलता येतं. पण तो एकटा राहत नाही, ही खरी अडचण आहे. अंगणात चाक आडवं पडलेलं दिसलं की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी हळू करतो, मग थांबतो, मग "काय, पंक्चर का?" असं विचारतो, मग उकिडवा बसतो आणि चहा आल्याशिवाय उठत नाही. एक जण काम करतो, बाकीचे सल्ले देतात. चहा संपतो तेव्हा टायर निघालेलं नसतं, किस्सा मात्र तयार असतो. आमच्याकडं असे इतके साठलेत की सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि घरी जेवायला उशीर होतो.

आमच्याकडं म्हणजे पडेगावात, भानुदासकाकांच्या अंगणात. काका वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. पट्ट्यावरून येणारा पार्ट उचलायचा, फिरवून बघायचा आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते रिटायर झाले, पण ते दोन शब्द काही रिटायर झाले नाहीत. भाजी रिजेक्ट होते, पाहुण्यांनी आणलेले पेढे रिजेक्ट होतात, एकदा तर माझी हजामत रिजेक्ट झाली. मी त्याच कारखान्यात स्टोअरला आहे आणि माझा दोस्त गौतम मेंटेनन्सला, इलेक्ट्रिशियन. शिफ्ट नसली की आम्ही दोघं काकांकडं. दुकानात टायर घेतलं की बसवायचे पैसे वेगळे, बॅलन्सिंगचे वेगळे. काकांकडं दोन्ही कामं एका चहात होतात, आणि चहाही काकांच्याच घरचा.

आता आख्ख्या पडेगावाची चाकं सरळ करणाऱ्या या माणसाच्या गाडीवर त्यांची स्वतःची बायको बसत नव्हती. सुमनकाकींनी तसं जाहीरच केलं होतं. काकांना ते फार लागलं होतं. वर्षभर आमच्या मंडळाचा खरा कार्यक्रम एकच होता, काकींना परत गाडीवर बसवायचं. त्याची सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो.

*

काकींची धाकटी बहीण दौलताबादला असते. मागच्या वर्षी दसरा झाल्यावर तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. काकांनी आदल्या दिवशी गाडीला पुढचं टायर नवीन घातलं आणि घाईत घातलं. टायरची कड रिममध्ये सगळीकडून सारखी बसली का, हे चाक फिरवून बघायचं असतं. ते राहिलं. एका जागी कड आत दबून राहिली. बॅलन्सिंग 'आल्यावर करू' म्हणून सोडून दिलं.

गावातून गाडी शहाण्यासारखी निघाली. मोकळा रस्ता लागला, काकांनी जरा वेग घेतला आणि हँडल हातात थरथरायला लागलं. मक्याचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्यानं ताडपत्रीवर मका वाळत घातली होती आणि संध्याकाळ झाली म्हणून तो ढीग लावत होता. काकांनी ब्रेक दाबला, गाडी कडेला गेली आणि दोघं पैठणीसकट ढिगात जाऊन बसले. नशीब चांगलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मक्याचा मालक धावत आला. डोक्याला टॉवेल, हातात फावडं. त्यानं आधी काकींना उठवलं, पाणी दिलं, "लागलं का माय?" म्हणून दोनदा विचारलं. सगळं ठीक आहे असं बघितल्यावर तो जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "निघायच्या आधी तेवढं लुगडं झटकता का? घोळात बरीच मका गेली."

काकींनी घोळ झटकला. पदर झटकला. अंबाड्यातले दाणे काढून त्याच्या हातावर ठेवले. मग त्यांनी काकांकडं बघितलं, टायरकडं बघितलं आणि काकांचाच शब्द काकांना परत दिला.

"रिजेक्ट," काकी म्हणाल्या आणि मागून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

*

ती रिक्षा रफिकची होती. रफिक मूळचा सिल्लोडचा, आता पडेगावातच राहतो. त्या दिवसापासून काकींचं येणंजाणं त्याच्याच रिक्षानं. बाजार, दवाखाना, बहीण, सगळीकडं रफिक.

आणि काका? काका गाडीवर, रिक्षाच्या शेजारून. रिक्षा हळू झाली की काका हळू, रिक्षा थांबली की काका थांबले. सगळा संसार चालत्या रिक्षात वाकून व्हायचा. "कढीपत्ता हाय का घरी?" काका गाडीवरून ओरडायचे. "पुढं बघा," काकी आतून ओरडायच्या. रफिक आम्हाला म्हणायचा, "मेरेकू तो ऐसा लगता, मैं मंत्री को लेके जारा."

एकदा शहरात सिग्नलला वाहतूक पोलिसानं हे बघितलं. एक म्हातारा गाडीवाला रिक्षातल्या बाईशी वाकून वाकून बोलतोय. सिग्नल सुटला तरी हा रिक्षा सोडत नाही. पोलिसानं दोघांनाही बाजूला घेतलं आणि काकींना अदबीनं विचारलं, "ताई, हे गृहस्थ तुम्हाला त्रास देताहेत का?"

काकींनी काकांकडं खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"ओळखीचे वाटतेत," त्या म्हणाल्या.

*

काकींनी बसणं सोडलं, पण काकांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. सीटच्या मागच्या अर्ध्या भागावर त्यांनी दुकानातल्यासारखं प्लास्टिक घालून ठेवलं होतं. दर रविवारी ते काढायचं, पुसायचं, परत घालायचं. त्यावर भाजीची पिशवीसुद्धा ठेवायची नाही.

एकदा गौतमचं मागचं चाक छावणीच्या पुढं पंक्चर झालं. त्यानं गाडी एका ओळखीच्या दुकानापुढं लावली, चाक काढलं आणि खांद्यावर घेऊन पडेगावाकडं चालायला लागला. तेवढ्यात मागून काका आले. गौतमला वाटलं, सुटलो. त्यानं चाक मांडीवर घेऊन बसायची तयारी केली.

"थांब," काका म्हणाले. "ती सीट बुक हाय."

"काका, काकी तर बसतच नायत."

"म्हणून काय झालं? बुकिंग कॅन्सल केलेलं नाय."

पण काकांचा जीव मोठा. एकट्याला सोडून ते गेले नाहीत. गौतम चाक खांद्यावर घेऊन चालत होता आणि काका त्याच्या शेजारून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत घरापर्यंत आले. वाटेत ट्यूबला पावडर लावायचे फायदे सांगितले. गौतम म्हणतो, मला पंक्चरनं तेवढं नाही दमवलं.

*

जुनं टायर रिमला चिकटून बसलं की त्याची कड सोडवणं हे सगळ्यात वैतागाचं काम. दुकानात त्याला मशीन असतं. आमच्याकडं मी होतो. माझ्या गाडीचं टायर होतं, म्हणून टायरवर उड्या मारायचा पहिला मान मला मिळाला. मग गौतमनं मारल्या. मग दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून आम्ही दोघं त्या गाडीवर ओणवे झालो. टायर जागचं हललं नाही.

तेवढ्यात काकींना बाजारातून घेऊन रफिक आला. काकांच्या डोक्यात कल्पना आली. त्यांनी रफिकला रिक्षा मागं घ्यायला लावली. रिक्षाचं मागचं चाक बरोबर टायरच्या कडेवर, रिमला जराही धक्का न लावता. रफिकनं देवाचं नाव घेतलं आणि चाक चढवलं. टायर दबलं, पण सुटलं नाही.

काकी अजून आतच बसलेल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. काका रिक्षाशी गेले आणि कधी नव्हे त्या गोड आवाजात म्हणाले, "अगं, जरा अशी उजव्या अंगाला सरकतीस का?"

काकींनी आमच्या सगळ्यांकडं बघितलं. मग मेथी घेऊन उजवीकडं सरकल्या. खालून 'फट्' असा आवाज आला आणि कड सुटली.

"सुटलं!" काका लहान मुलासारखे ओरडले. "रफिक, पुढं घे. अगं, तू व्हतीस म्हणून झालं बघ."

"लग्नाला एवढी वर्षं झाली," काकी उतरता उतरता म्हणाल्या, "माझ्या वजनाचं कौतुक आज पहिल्यांदा झालं."

पुढं कुणाचंही टायर अडलं की गौतम आत हाक मारायचा, "काकी, जरा बसता का?" एकदा लाटणं घेऊन आल्या. तेव्हापासून हाक मारत नाही.

*

नवीन टायर कडक असतं. ते ऊन दाखवून मऊ केलं की रिमवर सहज चढतं, काकांचं हे तंत्र आहे आणि बरोबर आहे. चूक जागा निवडण्यात झाली.

काकींनी गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. वारं सुटलं होतं. काकांनी विचार केला, साडी उडते आहे आणि टायर तापवायचं आहे, तर दोन्ही कामं एकात उरकू. त्यांनी टायर साडीच्या मधोमध ठेवलं, कुरडयांना जागा करून, अगदी व्यवस्थित. दुपारभर टायर छान मऊ झालं. साडीही उडाली नाही.

त्यातल्या निम्म्या कुरडया काकींनी दौलताबादला बहिणीकडं पाठवल्या. चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. "ताई, कुरडया फुलल्या लई छान. पण तळताना आमचे हे दोनदा बाहेर जाऊन बघून आले, दारात कुणाची गाडी जळायली का म्हणून."

त्या आठवड्यात आम्हाला चहा मिळाला नाही. काकांनाही मिळाला नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

*

गौतम शिकलेला माणूस. कुठलंही काम करण्याआधी तो मोबाइलवर तीन व्हिडिओ बघतो. एका सुटीला त्यानं काकांना हात लावू दिला नाही. साबणाचं पाणी, टायर उचकायच्या लोखंडी पट्ट्या, ट्यूबला पावडर, सगळं त्याचं तो. ट्यूब पट्टीत चिमटली नाही, कड सगळीकडून सारखी बसली, हवा मोजून भरली. आम्ही खरंच कौतुकानं बघत होतो.

काकांनी चाक फिरवलं, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "रिजेक्ट."

टायरच्या अंगावर बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते दाखवणारा. गौतमचा बाण उलटा होता. सगळं परत काढायला लागणार होतं. गौतम चाकाकडं बघत बसला. घामानं शर्ट ओला, बोटं सोललेली. मग त्याला एक मुद्दा सुचला.

"काका, वाळूजला जाताना बाण उलटा हाय, मान्य. पण घरी येताना तर बरोबर राहील ना?"

काका त्याच्याशी वाद घालायला तोंड उघडत होते. मग त्यांनी ते मिटलं. ते आत गेले आणि पाणी पिऊन आले.

*

आता शेवटचा, यंदाच्या दसऱ्याचा.

काकांनी वर्षभर मनाशी ठरवलं होतं, या दसऱ्याला काकींना गाडीवर बसवून दौलताबादला सोनं वाटायला न्यायचं. त्यासाठी पुढचं टायर नवीन आणलं, चांगलं भारी. कड सगळीकडून तपासली. आणि या वेळी बॅलन्सिंग. त्याचं आमचं घरगुती मशीन म्हणजे दोन सारखी स्टुलं. चाकाच्या दांड्याची दोन टोकं दोन स्टुलांवर, चाक मध्ये अधांतरी. हातानं हळू फिरवायचं आणि सोडून द्यायचं. जी बाजू जड असेल ती खाली येऊन थांबते. मग तिच्या बरोबर समोरच्या स्पोकला सोल्डरची, म्हणजे वायरी जोडायची जड तार गुंडाळायची. ती गौतम आणतो. चाक कुठंही थांबायला लागलं, दर वेळी वेगळ्या जागी, की बॅलन्स झालं.

काम चालू होतं तेवढ्यात काकी पूजेचं ताट घेऊन आल्या. दसरा म्हटल्यावर गाडीची पूजा आलीच. गाडीला हार घातला, हँडलला कुंकू लावलं आणि नवीन टायर म्हणून स्टुलावरच्या चाकालाही टिळा लावला. काकांनी चाक फिरवलं. ते फिरलं, हळू झालं, जरा मागं-पुढं झालं आणि टिळा बरोबर तळाशी येऊन थांबला. परत फिरवलं. परत तळाशी.

"टिळा खाली चालला," काकी म्हणाल्या. "लक्षण चांगलं नाय. मी नाय बसणार."

"अगं तेच तर सांगायलोय मी. ती बाजू जड हाय."

"तेच म्हणते मी. नाय बसणार."

काकी शकुनाचं बोलत होत्या, काका वजनाचं, आणि दोघांचं बोट एकाच जागेवर होतं. काकी आत गेल्या, खिडकीशी बसून शेंगा सोलायला लागल्या. काकांनी तार गुंडाळायला घेतली.

पहिल्यांदा फरक पडला नाही. आणखी तार गुंडाळली. टिळा आडवा थांबला, मग परत खाली. काकांनी जरा चिडून भरपूर तार गुंडाळली आणि चाक सोडलं. टिळा वर जाऊन थांबला. एकदम माथ्यावर. परत फिरवलं, परत वर. कितीही फिरवा, टिळा वरच.

"काका, झालं," गौतम कुजबुजला. "टिळा कायम वर थांबायलाय. बोलवा काकींना."

काका चाकाकडं बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला माहीत होतं. काकींना नुसती हाक मारायची, चाक फिरवून दाखवायचं, आणि मागच्या सीटचं प्लास्टिक निघणार होतं. माझं मत विचाराल तर मी कधीच हाक मारली असती. काकांनी पक्कड उचलली आणि तार सोडवायला लागले.

"अवं काका, कामून?"

"कायम वर थांबतंय म्हंजे दुसरी बाजू जड झाली. हे बी रिजेक्टच."

"पण काकींना काय कळणार हाय?"

"तिला नाय कळणार," काका म्हणाले. "पण बसणार ती हाय."

खिडकीतला शेंगांचा आवाज थांबला होता. आमचं कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

काकांनी सगळी तार काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. थोडी लावायची, फिरवायचं, थोडी कापायची, फिरवायचं. आम्ही दोघं उपाशी, पण उठायची हिंमत होईना. अखेर चाक पाहिजे तसं वागायला लागलं. एकदा टिळा डावीकडं, एकदा वर, एकदा तिरपा. काकांनी पुसलेला हात परत पुसला आणि हाक मारली, "अगं, येतीस का जरा?"

काकी आल्या. म्हणाल्या, "मी फिरवते." त्यांनी चाकाला हात लावला आणि सोडलं. चाक मजेत फिरलं, बराच वेळ फिरलं, हळू झालं आणि थांबलं. टिळा तळाशी. अगदी नेम धरल्यासारखा तळाशी.

गौतमनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की काकी, ते कुठंही थांबतं, आता नेमकं इथं थांबलं, परत फिरवलं तर... काकांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला बघवेना. ते स्वतःच म्हणाले, "राहू दे. रिजेक्ट."

काकी आत गेल्या. आम्ही पट्ट्या आणि पाने गोळा करायला लागलो. मी मनात म्हटलं, आता एक वर्ष परत रिक्षाच्या शेजारून. तेवढ्यात दार वाजलं. काकी बाहेर आल्या त्या पैठणी नेसून, हातात आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन.

"चाक बसवा," त्या म्हणाल्या. "उजेडात पोचायचंय."

"अगं पण टिळा..."

"टिळा मी लावलाय. कुठं बी थांबू द्या. आणि ते प्लास्टिक काढा, घसरून पडंन मी."

चाक इतक्या लवकर आम्ही आधी कधी बसवलं नव्हतं. नट आवळायचं काम गौतमनं केलं आणि काकांनी तीनदा तपासलं. रफिकला काकींचा आधीच फोन गेला होता, तो सवारी न्यायला म्हणून आला आणि बघतो तर सवारी गाडीवर. त्यानं आम्हा दोघांना पंप आणि पट्ट्यांसकट रिक्षात कोंबलं. "कुछ हुआ तो?" म्हणाला आणि गाडीच्या शेजारून निघाला.

सगळ्या रस्त्यानं हीच वरात. काका पुढं बघत ताठ बसलेले, हँडल एकदम स्थिर. काकी मागं, एक हात काकांच्या खांद्यावर. त्या रफिकशी रिक्षात वाकून बोलत होत्या, कढीपत्ता आणायला विसरू नको म्हणून सांगत होत्या. काकांनी एकदाही मान वळवली नाही, पण आरशात आम्हाला त्यांचं तोंड दिसत होतं.

मोकळा रस्ता लागला. यंदाही मक्याचे दिवस होते, यंदाही कडेला ताडपत्री होती आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तोच माणूस ढीग लावत होता. लांबून गाडीचा आवाज आला तशी त्यानं मान वर केली. आधी काकांना ओळखलं, मग मागची पैठणी ओळखली. त्यानं फावडं टाकलं, ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि सगळी मका शेताच्या अंगाला ओढायला लागला.

काकींनी लांबूनच हात वर केला.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "आज पास हाय."